शिअर बोल्ट वारंवार तुटतो, म्हणून कडक बोल्ट लावावा का? ऑगरने खड्डे घेणाऱ्यांसाठी सविस्तर उत्तर

प्रश्नकर्त्याने दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. त्यांना कुंपणाच्या खांबांसाठी 60 खड्डे घ्यायचे आहेत, प्रत्येक खड्डा 25 सेंटिमीटर व्यासाचा आणि 75 सेंटिमीटर खोल. ट्रॅक्टरच्या पीटीओवर (इंजिनाची शक्ती मागच्या अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर) चालणारा ऑगर, म्हणजे मळसूत्री पात्याने खड्डा घेणारे यंत्र, त्यांनी उसना आणला आहे. जमिनीत गोटे आणि जुनी मुळे आहेत. पहिल्या 11 खड्ड्यांत 4 शिअर बोल्ट, म्हणजे जास्त ताण आला की मुद्दाम तुटणारे बोल्ट, तुटले. बारावा खड्डा होईना, तेव्हा वजन पडावे म्हणून त्यांचा भाऊ ऑगरच्या आडव्या दांड्यावर उभा राहिला आणि खड्डा झाला. आता त्यांचे दोन प्रश्न आहेत. शिअर बोल्टऐवजी कडक पोलादाचा बोल्ट लावला तर चालेल का? आणि घरालगतच्या ज्या 10 खड्ड्यांपर्यंत ट्रॅक्टर पोहोचत नाही, ते हातात धरायच्या पेट्रोल ऑगरने एकट्याला घेता येतील का?

कडक बोल्ट लावू नका, आणि भावाला त्या दांड्यावर पुन्हा चढू देऊ नका, एवढे मी कोणतीही अट न घालता सांगतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जमिनीवर आणि यंत्रावर अवलंबून आहे, त्याकडे नंतर वळतो. मी बरीच वर्षे खांबांचे आणि झाडांचे खड्डे घेत आलो आहे. आधी मदतनीस म्हणून, मग चालक म्हणून, आणि अलीकडे नवख्यांना ही यंत्रे हाताळायला शिकवणारा म्हणून. तुमचा प्रश्न वाचताना बोल्टपेक्षा भावाबद्दलच्या त्या एका ओळीपाशी मी अधिक वेळ थांबलो. ऑगर सुरळीत चालत असतो तोवर माणसे आपोआप लांब उभी असतात. तो अडला की सगळे जवळ येतात, वाकून पाहतात, जोर लावतात, वजन टाकतात. अडलेल्या यंत्रापाशी आपण काय करतो, हाच तुमच्या दोन्ही प्रश्नांचा गाभा आहे असे मला वाटते, आणि बोल्टचे उत्तरही त्यातच दडलेले आहे.

शिअर बोल्ट हा मुद्दाम दुबळा ठेवलेला दुवा असतो. थोडा हिशेब करून पाहू. ट्रॅक्टरकडून ऑगरपर्यंत 15 किलोवॅट शक्ती पोहोचते आणि पाते मिनिटाला 180 फेरे घेते असे धरले, तर उभ्या दांड्यावर सुमारे 800 न्यूटन-मीटर पीळ येतो. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला 80 किलो वजनाचा माणूस लोंबकळला तर नटावर जेवढा ताण येईल, तेवढा हा पीळ आहे, आणि तोही यंत्र शांतपणे चालत असतानाचा. पात्याचा दात गोट्याखाली अडकून फिरणे एका क्षणात थांबते, तेव्हा इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये साठलेली गतीही त्याच दांड्यावर येऊन आदळते आणि पीळ कितीतरी पटींनी वाढतो. अशा वेळी काहीतरी तुटणारच असते. ते स्वस्त असावे, हाताशी बदलता यावे आणि तुटताना कोणाला लागू नये, म्हणून तिथे तो बोल्ट ठेवलेला असतो.

मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर 4.6, 8.8 किंवा 10.9 असे आकडे असतात. त्यातल्या पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की त्या पोलादाची ताणशक्ती मेगापास्कलमध्ये मिळते. म्हणजे 4.6 च्या जागी त्याच जाडीचा 8.8 लावला, तर तो तुटण्यासाठी जवळजवळ दुप्पट पीळ लागेल, आणि 10.9 लावला तर अडीचपट. हा जास्तीचा पीळ मग गिअरबॉक्सच्या दात्यांवर, पीटीओ शाफ्टच्या क्रॉसवर (त्याच्या वळत्या सांध्यावर), थ्री पॉइंट लिंकेजच्या (अवजार ट्रॅक्टरला धरणाऱ्या जोडणीच्या) पिनांवर जातो आणि त्यांपैकी जे आधी हार मानेल ते तुटते. काही उत्पादक मुळातच 8.8 चा बोल्ट सांगतात, काही त्याहून मऊ सांगतात. म्हणून अमुक आकड्याचा बोल्ट बसवा असे मी इथून सांगणार नाही. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेला व्यास, लांबी आणि प्रतवारी एवढेच ग्राह्य धरावे. उसन्या यंत्रासोबत पुस्तिका क्वचितच मिळते, पण गिअरबॉक्सवरच्या पाटीवर मॉडेलचा क्रमांक असतो आणि त्यावरून ती बहुधा शोधता येते.

बोल्टच्या लांबीचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण माझ्या स्वतःच्या बाबतीत जे घडले ते त्यावरूनच घडले. मदतनीस असताना एकदा योग्य लांबीचा बोल्ट संपला होता, म्हणून आम्ही लांब बोल्ट लावला आणि त्याचे टोक नटाच्या बाहेर दोन-अडीच सेंटिमीटर राहिले. सकाळची थंडी होती, मी पुढून न लावलेले सैल जाकीट घातले होते. ऑगरचे टोक खड्ड्याच्या खुणेवर बसते आहे की नाही हे पाहायला मी वाकलो. पाते इतके सावकाश फिरत होते की त्याचे वेढे मोजता आले असते. जाकिटाची कड त्या बोल्टच्या टोकात अडकलेली मला दिसलीही नाही. कोणीतरी बाजूने शांतपणे ओढते आहे असे वाटले, आणि दुसऱ्याच क्षणी माझी छाती दांड्याजवळ आली होती. मी दोन्ही तळहात गिअरबॉक्सला लावून मागे रेटले. जाकीट जुने होते, बाजूची शिवण उसवली आणि मी मागे पडलो. माझी आरोळी ऐकून चालकाने पीटीओ सोडवला. नंतर दांड्याभोवती चार वेढे बसलेले ते कापड सुटेना, सुरीने कापून काढावे लागले. कापड नवे आणि चिवट असते तर मी आज हे लिहीत नसतो.

पाते सावकाश फिरताना दिसते म्हणून माणूस गाफील राहतो. मिनिटाला 180 फेरे म्हणजे सेकंदाला 3 फेरे, आणि 25 सेंटिमीटर व्यासाच्या पात्याचा परीघ साधारण 78 सेंटिमीटर; म्हणजे त्याची कड सेकंदाला सव्वादोन मीटरहून अधिक वेगाने सरकत असते. पीटीओ शाफ्टचेही असेच आहे. तो मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला 9 फेरे घेतो. शाफ्टचा व्यास 8 सेंटिमीटर धरला तर एका सेकंदात सव्वादोन मीटर कापड त्याभोवती गुंडाळले जाईल. काहीतरी अडकले आहे हे मेंदूला कळून हात हलेपर्यंत अर्धा सेकंद तरी जातोच, आणि तेवढ्यात एक मीटरहून जास्त कापड आत गेलेले असते. शिवाय कापडाचे वेढे बसत गेले की जाडी वाढते आणि ओढण्याचा वेग आणखी वाढतो. त्यामुळे ‘अडकलेच तर झटकन ओढून घेईन’ या भरवशाला काही अर्थ नाही.

तुमचा भाऊ ज्या दांड्यावर उभा राहिला तो फिरत्या उभ्या दांड्यापासून आणि पीटीओ शाफ्टपासून हातभर अंतरावर असतो. पाते एखाद्या गोट्यावरून निसटले की तो दांडा एकदम खाली जातो किंवा बाजूला हिसका देतो, आणि वर उभ्या असलेल्या माणसाचा तोल जाऊन तो पडतो नेमका फिरत्या भागावर. माझ्या कामावर नियम असा आहे की पीटीओ चालू असताना ट्रॅक्टरच्या मागे सहा मीटरच्या आत कोणीही नसावे आणि चालकाने आपल्या आसनावरच बसून असावे. खाली उभे राहून, हात लांब करून हायड्रॉलिकचा दांडा चालवणारे चालक मी पाहिले आहेत. ते स्वतःच मग मदतनिसाच्या जागी उभे असतात. मदतनिसाचे काम पाते थांबल्यावर सुरू होते. खड्ड्याभोवतीची माती फावड्याने ओढायची असेल, खोली मोजायची असेल, खुणेवर टोक बसते का ते पाहायचे असेल, तर आधी पाते पूर्ण थांबू द्यावे. पीटीओ बंद केल्यावरही ते काही क्षण फिरत राहते, म्हणून प्रत्यक्ष थांबलेले डोळ्यांनी पाहूनच पुढे जावे. चालक आणि मदतनीस यांच्यात एकच खूण पुरे: हात वर झाला की यंत्र थांबवायचे, कारण नंतर विचारायचे.

पीटीओ शाफ्टवरचे प्लास्टिकचे कवच जागेवर आहे का, हेही आजच पाहून घ्या, कारण उसन्या यंत्रांवर ते बहुधा फुटलेले किंवा काढून ठेवलेले असते. इंजिन बंद असताना ते हाताने फिरवून पाहावे. आतला शाफ्ट न हलता कवच सुटे फिरले पाहिजे, आणि त्याची साखळी ट्रॅक्टरच्या किंवा ऑगरच्या न फिरणाऱ्या भागाला अडकवलेली असली पाहिजे. कवच शाफ्टला घट्ट चिकटलेले असेल तर तेही शाफ्टबरोबर फिरणार, आणि मग त्याचा काही उपयोग राहत नाही.

आता बोल्ट का तुटतो ते पाहू. तुटलेले चारही तुकडे टाकून दिले नसतील तर हातात घेऊन नीट पाहा. तुकडा एकाच सपाट रेषेत, चाकूने कापल्यासारखा तुटला असेल, तर एकाच मोठ्या धक्क्याने तो गेला आहे आणि गोटे किंवा मुळे हे कारण संभवते. बोल्टला बाक आला असेल, त्याच्या अंगावर पायऱ्यांसारखे झिजलेले खाचे दिसत असतील, तर दांड्यातले भोक लांबट झालेले आहे. सैल बोल्ट प्रत्येक धक्क्याला आत हातोडीसारखा आपटतो आणि हळूहळू तुटतो. अशा यंत्रात कोणताही बोल्ट टिकणार नाही, भोकाची दुरुस्तीच करावी लागेल, आणि ते मालकाला सांगून परत देणे उत्तम. तिसरी एक शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही. ज्या जागी बोल्ट कापला जातो तिथे त्याचा गुळगुळीत भाग यायला हवा. डोक्यापर्यंत आटे असलेला बोल्ट लावला तर आट्यांच्या खाचेमुळे तिथली जाडी कमी पडते आणि तो उगाचच लवकर तुटतो. योग्य प्रतवारीचा असूनही बोल्ट तुटत असेल तर हे आधी तपासावे.

मात्र 11 खड्ड्यांत 4 बोल्ट हे प्रमाण पाहता माझा पहिला संशय खड्डा घेण्याच्या पद्धतीवर आहे. बहुतेक नवे चालक पाते एका दमात तळापर्यंत नेतात. तुमच्या एका खड्ड्यात सुमारे 0.037 घनमीटर माती असते, म्हणजे साधारण 60 किलो. ती सगळी पात्याच्या वेढ्यांत दाबून बसली, वरून खड्ड्याच्या भिंतींना घासू लागली, की पाते वर यायला नकार देते आणि त्या अवस्थेत छोटा गोटाही बोल्ट तोडायला पुरतो. त्याऐवजी 20 ते 25 सेंटिमीटर खाली जावे, पाते जमिनीच्या जरा वर आणून माती झटकू द्यावी, आणि मग पुन्हा खाली जावे. एका टप्प्यात मग 20 किलोच्या आसपास माती येते आणि यंत्राला ती सहज झेपते. माती झटकताना गोटेही उडतात, हे मदतनिसाला लांब ठेवण्याचे आणखी एक कारण. इंजिनाचा वेग निष्क्रिय वेगाच्या (इंजिन नुसतेच चालू असतानाच्या वेगाच्या) थोडासाच वर ठेवावा. दगडाळ जमिनीत पूर्ण पीटीओ वेगाची गरज नसते, उलट धक्क्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. टोकाचा मळसूत्री भाग नवा आणि तीक्ष्ण असला तर तो स्क्रूसारखा स्वतःच पात्याला खाली ओढतो, आणि चालकाने हायड्रॉलिकने धरून ठेवले नाही तर पाते बघता बघता जमिनीत रुतून बसते.

उलट, पाते खाली जातच नसेल तर भार टाकण्याआधी दात पाहा. कडेचे दात बोथट झाले असतील तर पाते कापत नाही, नुसते घासते, आणि माणसे मग त्यावर वजन टाकायला चढतात. दात बदलता येतात आणि दगडाळ जमिनीसाठी कठीण टोकांचे वेगळे दातही मिळतात. कोरडी, टणक चिकणमाती असेल तर आदल्या दिवशी खुणांवर थोडे पाणी मुरवून ठेवल्याने काम हलके होते. माती आधीच ओली असेल तर मात्र पाणी घालू नये, ती पात्याला चिकटून बसते. गोटा लागला असे आवाजावरून कळले, म्हणजे सळसळ थांबून खडखड सुरू झाली, की पीटीओ बंद करावा, ट्रॅक्टर थोडा पुढे घेऊन पाते खड्ड्यावरून बाजूला करावे, जमिनीवर टेकवावे, आणि पहारीने गोटा मोकळा करावा. मुळासाठी करवत वापरावी. हे कंटाळवाणे आहे, मान्य. पण बोल्ट बदलायला जाणारा वेळ धरला तर एकूण काम याच पद्धतीने लवकर उरकते, हा माझा अनुभव आहे.

एवढे करूनही पाते रुतेल. दगडाळ जमिनीत ते दिवसातून एकदोनदा होतेच. अशा वेळी हायड्रॉलिकने हिसके देऊन ते उपटायचा प्रयत्न करू नका. लिंकेज वाकते किंवा ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. पीटीओ बंद, इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला आणि चावी खिशात, एवढे झाल्याशिवाय कोणीही खाली वाकू नये. मग लांब दांड्याचा पाइप पाना उभ्या दांड्याला लावून पाते उलट दिशेने दोन-चार फेरे हाताने फिरवावे. रुतलेल्या दांड्यात पीळ साठलेला असू शकतो आणि तो सुटताना पाना उसळतो, म्हणून पान्याच्या फिरण्याच्या वाटेत तोंड किंवा गुडघा ठेवू नये. पाते सैल झाले की पाना काढून घ्यावा, तो काढलेला एकदा मोठ्याने म्हणावा, आणि मगच इंजिन सुरू करून हळूहळू उचलावे. मोठ्याने म्हणण्याची सवय पोरकट वाटेल, पण दांड्यावर विसरलेला पाना पीटीओ सुरू होताच कुठे जाईल ते सांगता येत नाही. बोल्ट बदलतानाही हाच क्रम पाळायचा, फक्त पाते उचललेल्या अवस्थेत ठेवायचे नाही. ते जमिनीवर टेकवावे, कारण हायड्रॉलिक गळून उचललेला भार खाली येऊ शकतो.

आता घरालगतचे 10 खड्डे. हातात धरायच्या ऑगरने दगडाळ जमिनीत 25 सेंटिमीटरचा खड्डा एकट्याने घेऊ नये, असे माझे मत आहे. मऊ, गोटे नसलेल्या मातीत 15 सेंटिमीटरपर्यंत, अंगात बळ असेल तर 20 पर्यंत, एकटा माणूस यंत्र सांभाळू शकतो. इथेही हिशेब पाहा. 1.5 किलोवॅटचे इंजिन आणि मिनिटाला 150 फेरे असतील तर बिटवर, म्हणजे यंत्राच्या फिरत्या पात्यावर, सुमारे 95 न्यूटन-मीटर पीळ येतो. दोन मुठींमध्ये 60 सेंटिमीटर अंतर असेल तर प्रत्येक हातावर साधारण 16 किलोचा रेटा. कागदावर हे फार वाटत नाही, आणि सुरळीत चालताना ते खरोखरच फार नसते. पण बिट एखाद्या झाडाच्या मुळात अडकते तेव्हा तो रेटा मनगट तयार नसताना, एका क्षणात, फिरत्या भागांच्या गतीसह येतो. बिट थांबते आणि यंत्राची चौकट माणसाला घेऊन उलट दिशेने फिरते. मनगट, बरगड्या आणि पाठ यांना या हिसक्याने होणाऱ्या दुखापती मी जवळून पाहिल्या आहेत.

बिट वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरते, म्हणून हिसका घड्याळाच्या उलट दिशेला बसतो, आणि डाव्या हाताची मूठ अंगाकडे येते. त्यामुळे चौकटीची डावी बाजू सुरुवातीपासूनच डाव्या मांडीला किंवा कमरेला टेकवून उभे राहावे. मग हिसका हातांऐवजी पायांवर आणि धडावर येतो, आणि मध्ये अंतरच नसल्याने चौकट आदळत नाही. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, कोपरे अंगाजवळ असावीत. काही यंत्रांत मांडीजवळ ब्रेक असतो, चौकट फिरून तो मांडीवर दाबला गेला की बिट थांबते. भाड्याने घेताना असे यंत्र मिळाले तर तेच निवडा. त्याहून चांगला पर्याय म्हणजे टॉर्क बार असलेले यंत्र, ज्यात इंजिन वेगळ्या गाड्यावर असते आणि हिसका माणसाऐवजी तो गाडा झेलतो. तुमच्या जमिनीसाठी मी हेच सुचवेन. दोघांनी धरायचे यंत्रही चालेल, पण थ्रॉटल (इंजिनाचा वेग वाढवणारा खटका) एकाच्याच हातात असतो हे विसरू नका. दुसऱ्याने ‘सोड’ म्हटले की त्याने तो सोडलाच पाहिजे, आणि दोघांपैकी कोणीही मध्येच मूठ सोडायची नाही.

यंत्र ताब्यात घेताना एक चाचणी आवर्जून करा. बिटचे टोक जमिनीला टेकलेले असू द्या, इंजिन सुरू करा आणि थ्रॉटल पूर्ण सोडा. बिट फिरता कामा नये. निष्क्रिय वेगाला ते फिरत राहिले तर क्लच किंवा कार्ब्युरेटरची जुळणी बिघडलेली आहे, आणि थ्रॉटल सोडणे हा तुमचा एकमेव उपाय निकामी झालेला आहे. असे यंत्र तिथेच परत द्या. बिट अडकल्यावर इंजिन बंद करावे, स्पार्क प्लगची वायर काढावी आणि चौकट हाताने उलट दिशेने फिरवून ते सोडवावे. आवाजाबद्दल एवढेच सांगतो की अमेरिकेतील नायोश या कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याच्या संस्थेच्या मर्यादेनुसार 85 डेसिबलला 8 तास चालतात, पण दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होत जातो आणि 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटे उरतात. ही छोटी दोन-स्ट्रोक यंत्रे कानापाशी त्याच्या आसपास पोहोचू शकतात. कानांचे संरक्षण पहिल्या खड्ड्यापासून हवे. हातमोजे घट्ट बसणारे असावेत, मनगटाशी सैल नसावेत, आणि हातमोजे घातलेला हात फिरत्या बिटजवळ कधीही नेऊ नये.

घरालगतच्या खड्ड्यांबाबत मला हिसक्याहूनही मोठी काळजी जमिनीखालच्या वाहिन्यांची वाटते. सार्वजनिक वीज, गॅस आणि पाण्याच्या वाहिन्यांची माहिती देणारी व्यवस्था जिथे असेल तिथे ती खोदण्याआधी जरूर वापरा. पण त्या नकाशांवर बहुधा मीटरपर्यंतच्याच वाहिन्या असतात. मीटरपासून पुढे घरमालकाने स्वतः टाकलेली पंपाची केबल, अंगणातल्या दिव्यांची तार, सांडपाण्याचा पाइप, हे कोणत्याच नकाशावर नसते, आणि घराच्या चार-पाच मीटरच्या आत नेमके हेच सापडते. म्हणून त्या पट्ट्यात मी प्रत्येक खड्ड्याची पहिली 60 सेंटिमीटर खोली हाताने, सपाट फावड्याने घेतो. पहार उभी मारत नाही, कारण ती केबलच्या आरपार जाते. खोदताना निघणारी माती बघत राहावे. आजूबाजूला चिकणमाती असताना मध्येच स्वच्छ वाळू निघाली, विटांची किंवा फरश्यांची ओळ लागली, रंगीत प्लास्टिकची पट्टी दिसली, तर तिथे कोणीतरी आधी चर खणून काहीतरी टाकले आहे हे पक्के समजावे आणि थांबावे.

समजा केबल लागलीच आणि ट्रॅक्टर त्यात गुंतला असेल, तर चालकाने आसनावरच बसून राहावे, सगळ्यांना लांब ठेवावे आणि वीज बंद होईपर्यंत उतरू नये. आग लागल्यामुळे उतरणे भागच पडले, तर ट्रॅक्टर आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होऊ न देता दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पाय न फाकता, जमिनीला घासत छोट्या पावलांनी दूर जावे, कारण जमिनीतही दोन पावलांच्या अंतरात विजेचा दाब असतो. गॅसचा वास किंवा फुसफुस ऐकू आली तर इंजिन बंद करून वारा जिकडून येतो त्या बाजूला निघून जावे आणि फोन तिथून लांब गेल्यावर करावा.

खांब त्याच दिवशी बसणार नसतील तर खड्डे उघडे ठेवू नका. 25 सेंटिमीटरच्या खड्ड्यात मोठ्या माणसाचा पाय मोडतो आणि लहान मूल अडकू शकते. खड्ड्याहून बरीच मोठी फळी, सरकू नये म्हणून खुंट्यांनी ठोकलेली, एवढे पुरते. मी तर सकाळी जितके खांब दुपारपर्यंत उभे होतील तितकेच खड्डे घेतो.

उद्या काम सुरू करण्याआधी ट्रॅक्टरच्या ऑगरचा बोल्ट, त्याचे भोक आणि कडेचे दात तपासा. बोल्टच्या डोक्यावरचा आकडा, त्याचा व्यास, नटाबाहेर किती टोक उरते आणि तुकड्यांचा तुटलेला पृष्ठभाग कसा दिसतो, हे इथे लिहिलेत तर चार बोल्ट पद्धतीमुळे गेले की भोक झिजल्यामुळे, हे मला अधिक खात्रीने सांगता येईल.